वाहतूक नियमभंग आणि मोटार विमा हप्ता (नांदेड व लातूर)

वाहतूक नियमभंग आणि मोटार विमा हप्ता यांचा परस्परसंबंध हा भारतातील मोटार विमा व्यवस्थेतील एक वादविषय आहे. वारंवार नियम मोडणाऱ्या, म्हणजेच अधिक जोखमीच्या, चालकाकडून विम्याचा अधिक हप्ता घ्यावा काय, घ्यावयाचा झाल्यास तो चालकाच्या नावे लावावा की वाहनाच्या, आणि त्यामुळे रस्ते अधिक सुरक्षित होतील की विमा नसलेल्या वाहनांची संख्या वाढेल, हे या वादातील मुख्य प्रश्न होत. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) कार्यगटाने इ.स. २०२१ मध्ये यासंबंधीचा मसुदा प्रसिद्ध केल्यानंतर या विषयाची चर्चा वाढली.

प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. भारतात नियमभंगाची किंमत सहसा विम्याच्या हप्त्यात दिसून येत नाही. ती अपघातानंतर, दाव्याच्या निकालाच्या वेळी, एकरकमी समोर येते. दुचाकी व ट्रॅक्टर ही मुख्य वाहने असलेल्या आणि शेतजमीन हीच मुख्य मालमत्ता असलेल्या भागात या वस्तुस्थितीचे परिणाम विशेष गंभीर ठरतात.

पार्श्वभूमी

भारतात मोटार वाहनांचा तृतीय पक्ष विमा (बोलीभाषेत 'थर्ड पार्टी') १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. त्याची तरतूद १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात होती. सध्या लागू असलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विम्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. वाहनामुळे ज्याचे नुकसान होते, त्या तिऱ्हाईत व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना भरपाई मिळावी, हा या विम्याचा हेतू आहे. वाहनमालकाच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी स्वतंत्र ऐच्छिक विमा असतो. दोन्ही मिळून घेतलेल्या विम्यास बोलीभाषेत 'फुल इन्शुरन्स' म्हणतात.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढविल्या. महाराष्ट्रात या वाढीव दंडांची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. मद्यप्राशन करून वाहन चालविल्यास पहिल्या अपराधासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विम्याशिवाय वाहन चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुढील प्रत्येक वेळी ४,००० रुपये दंड, तसेच तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अल्पवयीन मुलाने अपराध केल्यास पालकास किंवा वाहनमालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

दंड हा शासनाकडे जातो, तर हप्ता विमा कंपनीकडे. या दोन व्यवस्था भारतात दीर्घकाळ एकमेकींपासून अलिप्त राहिल्या आहेत. ई-चलानांची नोंद वाहतूक पोलीस व परिवहन विभागाच्या संगणकप्रणालीत असते, तर हप्ता ठरविताना विमा कंपनी मुख्यतः वाहनाचा प्रकार व दाव्यांचा इतिहास पाहते.

हप्ता कसा ठरतो

तृतीय पक्ष विम्याचा हप्ता विमा कंपनीच्या मर्जीवर नसतो. तो केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय प्राधिकरणाशी सल्लामसलत करून अधिसूचनेद्वारे ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी वाहनांचे वार्षिक मूळ दर पुढीलप्रमाणे होते. यावर वस्तू व सेवा कर वेगळा लागतो.

मोटारगाडी, १,००० घन सेंमीपर्यंत : २,०९४ रुपये
मोटारगाडी, १,००० ते १,५०० घन सेंमी : ३,४१६ रुपये
मोटारगाडी, १,५०० घन सेंमीपेक्षा अधिक : ७,८९७ रुपये
दुचाकी, ७५ घन सेंमीपर्यंत : ५३८ रुपये
दुचाकी, ७५ ते १५० घन सेंमी : ७१४ रुपये
दुचाकी, १५० ते ३५० घन सेंमी : १,३६६ रुपये
दुचाकी, ३५० घन सेंमीपेक्षा अधिक : २,८०४ रुपये

या दरपत्रकात चालकाचे वय, अनुभव किंवा वर्तन यांना स्थान नाही. वर्षभरात एकही चलान न झालेला आणि वीस चलाने झालेला, असे दोन मालक एकाच प्रकारची मोटारसायकल बाळगून असतील, तर दोघेही ७१४ रुपयेच भरतात.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचे दर मात्र १ जानेवारी २००७ पासून मुक्त झाले. तेव्हापासून कंपन्या सूट देऊन परस्परांशी स्पर्धा करतात. तरीही गणिताचा पाया बव्हंशी २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाचाच राहिला आहे. त्यात वाहनाचे विमा घोषित मूल्य, इंजिनाची क्षमता, वाहनाचे वय आणि नोंदणीचा विभाग हे चार घटक आहेत. खासगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग पाडले आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही आठ शहरे 'अ' विभागात, तर उर्वरित देश 'ब' विभागात मोडतो. नांदेड (एमएच-२६) व लातूर (एमएच-२४) येथे नोंदलेली वाहने 'ब' विभागात येतात.

या विभागणीचा परिणाम अल्प आहे. पाच वर्षांपर्यंत वय असलेल्या आणि १,००० ते १,५०० घन सेंमी क्षमतेच्या मोटारीसाठी दरपत्रकातील दर 'अ' विभागात ३.२८३ टक्के, तर 'ब' विभागात ३.१९१ टक्के होता. सहा लाख रुपये मूल्याच्या गाडीसाठी, कोणतीही सूट धरण्यापूर्वी, पुण्यातील मूळ हप्ता १९,६९८ रुपये आणि लातूरमधील १९,१४६ रुपये होतो. फरक केवळ ५५२ रुपयांचा आहे.

चालकाच्या वर्तनाशी काही अंशी निगडित असा एकच प्रचलित घटक आहे, तो म्हणजे 'नो क्लेम बोनस'. सलग वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के सूट मिळते. दावा केल्यास ही सूट शून्यावर येते. समजा, सूट धरण्यापूर्वीचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांच्या पायरीवर आहे. एका दाव्यानंतर पुन्हा त्याच पायरीवर येईपर्यंतच्या पाच नूतनीकरणांत त्याला अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० व ५०० असे एकूण १२,५०० रुपये अधिक भरावे लागतात. म्हणूनच किरकोळ नुकसानीचा दावा न करणे अनेकदा फायद्याचे ठरते.

ही सूट दाव्याशी जोडलेली आहे, नियमभंगाशी नाही. सिग्नल तोडूनही अपघात न झालेल्या चालकाची सूट अबाधित राहते, तर उभ्या गाडीला दुसऱ्याने धडक दिल्यावर स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घेणाऱ्या निर्दोष मालकाची सूट जाते. शिवाय तृतीय पक्ष विम्याला ही सूट लागूच होत नाही. त्यामुळे केवळ 'थर्ड पार्टी' विमा असलेल्या वाहनमालकांच्या बाबतीत वर्तन आणि हप्ता यांचा कोणताही संबंध उरत नाही.

२०२१ चा मसुदा

सप्टेंबर २०१९ मध्ये, वाढीव दंडांच्या पार्श्वभूमीवर, प्राधिकरणाने विमा हप्ता व वाहतूक नियमभंग यांची सांगड घालण्याबाबत कार्यगट नेमला. त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये जनतेच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध झाला. त्यात मोटार विम्याच्या प्रचलित भागांना 'वाहतूक नियमभंग हप्ता' हा नवा भाग जोडण्याची शिफारस होती. आरंभी ही योजना दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात प्रायोगिक तत्त्वावर राबवावी, असे सुचविण्यात आले होते.

मसुद्यानुसार प्रत्येक नियमभंगास गुण द्यावयाचे होते. मद्यप्राशन करून वाहन चालविण्यास सर्वाधिक १०० गुण, तर चुकीच्या जागी वाहन उभे करण्यास १० गुण होते. चलानांची माहिती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून विमा माहिती केंद्राकडे जाईल व तेथे गुणांची बेरीज होऊन ती विमा कंपन्यांना उपलब्ध होईल, अशी रचना कल्पिली होती. ठरावीक गुणांच्या पुढे गेल्यावर हप्त्यात भर पडणार होती.

या मसुद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, गुण वाहनाला लागणार होते, चालकाला नव्हे. वाढीव हप्ता नोंदणीकृत मालकाने भरावयाचा होता, मग नियम कोणीही मोडलेला असो. कॅमेऱ्याने टिपलेल्या चलानात वाहनाचा क्रमांक निश्चित कळतो, चालक कोण होता हे कळतेच असे नाही. त्या दृष्टीने ही तरतूद व्यवहार्य होती. वाहन विकल्यास नव्या मालकाच्या नावे गुणांची मोजणी नव्याने सुरू होणार होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीचे नायब राज्यपाल विनयकुमार सक्सेना यांनी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून हप्ता नियमभंगाशी जोडण्याची मागणी केली. त्यामुळे हा विषय पुन्हा चर्चेत आला. तत्पूर्वी जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने विमा कंपन्यांना 'जितके चालवाल तितके भरा' आणि 'जसे चालवाल तसे भरा' या प्रकारच्या ऐच्छिक जोडविम्यांना परवानगी दिली होती. हे जोडविमे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरतेच आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या प्रकारात चालविण्याची पद्धत मोजणारे उपकरण किंवा मोबाइलवरील प्रणाली आवश्यक असते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील स्थिती

नांदेड जिल्ह्यात १६, तर लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. दोन्ही जिल्हा मुख्यालये तुळजापूर–बुटीबोरी या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर आहेत. लातूरहून चाकूर, अहमदपूर व लोहा या मार्गे नांदेडला जाणारा हा रस्ता ट्रक, एसटी बस, प्रवासी जीप, दुचाकी व ट्रॅक्टर या सर्वांच्या वापराचा आहे. अकोल्याहून हिंगोली, नांदेड, देगलूर मार्गे तेलंगणात संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ हा नांदेड जिल्ह्यातील दुसरा प्रमुख मार्ग होय. नियमभंग व विमा यांच्या दृष्टीने या भागातील पुढील बाबी लक्षणीय आहेत.

कुटुंबाची सामायिक दुचाकी : ग्रामीण भागात एका मोटारसायकलवर घरातील अनेकांचा हक्क असतो. वडिलांच्या नावे नोंदलेली गाडी मुलगा, पुतण्या, प्रसंगी शेजारीही नेतो. चालकाऐवजी वाहनाला गुण लावल्यास एकाच्या निष्काळजीपणाचा भार नोंदणीकृत मालकावर पडतो. समर्थकांच्या मते यामुळे मालक आपली गाडी कोणाच्या हाती द्यावी याबाबत अधिक दक्ष होईल. विरोधकांच्या मते खरा दोषी मात्र मोकळा राहील.

नाव न बदललेली जुनी वाहने : जुन्या दुचाकी व जीप यांची खरेदी-विक्री बहुधा ओळखीतून होते आणि नोंदणीपुस्तकातील नाव बदलण्याचे काम मागे पडते. अशा वाहनाची चलाने मूळ मालकाच्या नावे येत राहतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वाहन प्रत्यक्षात विकले गेले असले, तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईच्या दायित्वासाठी मालक समजला जाईल. त्यामुळे नाव न बदलणे ही केवळ कागदोपत्री हयगय राहत नाही.

शिकवणीसाठी येणारे विद्यार्थी : 'लातूर पॅटर्न'मुळे लातूरला आणि अलीकडच्या काळात नांदेडलाही वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी मोठ्या संख्येने विद्यार्थी येतात. अकरावी-बारावीच्या वयोगटातील अनेक विद्यार्थ्यांना अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० घन सेंमीपर्यंतच्याच गिअररहित दुचाकीचा परवाना मिळू शकतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ११० किंवा १२५ घन सेंमीच्या स्कूटर त्या मर्यादेबाहेरच्या आहेत. अशा स्कूटरने अपघात झाल्यास ती विनापरवाना चालविली जात होती असे ठरते.

ट्रॅक्टर व ट्रॉली : लातूर जिल्ह्यातील व नांदेडच्या काही भागातील साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलींची संख्या वाढते. परावर्तक पट्ट्या नसलेली, मागचा दिवा नसलेली ट्रॉली रात्रीच्या वेळी धोकादायक ठरते. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी घेतलेला असताना तो भाड्याने मालवाहतुकीस लावला गेल्यास, विमा अटींचा भंग झाला असा बचाव कंपनी घेऊ शकते. ट्रॉलीचा विम्यात स्वतंत्र उल्लेख आहे की नाही, हाही वादाचा मुद्दा होतो. ट्रॉलीत बसलेल्या मजुरांच्या बाबतीत प्रश्न अधिकच बिकट असतो, कारण ट्रॉली हे प्रवासी वाहन नव्हे.

राज्यांच्या सीमा : नांदेड जिल्ह्याला तेलंगण व कर्नाटक, तर लातूरला कर्नाटक राज्याची सीमा लागून आहे. गुणपद्धती न्याय्य व्हायची असेल, तर सर्व राज्यांतील चलानांची माहिती एकत्र असणे आवश्यक आहे. तेलंगणाची वाहननोंदणी दीर्घकाळ केंद्राच्या 'वाहन' या संगणकप्रणालीबाहेर राहिली होती. अशा परिस्थितीत देगलूरच्या चालकाचे नांदेडमधील चलान मोजले जाणे आणि सीमेपलीकडचे न मोजले जाणे संभवते.

अपघातानंतरचे दायित्व

नियमभंगाची खरी आर्थिक किंमत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ठरते. ही न्यायाधिकरणे जिल्हा न्यायालयांत चालतात. नांदेड व लातूर येथील निकालांविरुद्धची अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात.

तृतीय पक्षाच्या मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला विम्यात कमाल मर्यादा नाही. भरपाईचे गणित सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निवाड्यांनी निश्चित केले आहे. उदाहरणार्थ, दरमहा १५,००० रुपये कमावणारा ३५ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय असलेला आणि चार अवलंबित असलेला गृहस्थ अपघातात मरण पावला, असे मानू. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये, त्यात भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,००० रुपये, त्यातून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १,८९,००० रुपये उरतात. या वयासाठीचा गुणक १६ असल्याने रक्कम ३०,२४,००० रुपये होते. तिच्यात अंत्यविधी, संपदाहानी व सहवासहानी यांच्या ठरावीक रकमा मिळविल्या जातात. धडक देणारे वाहन ट्रक असो वा मोटारसायकल, गणित हेच राहते.

विमा वैध असेल आणि अटी पाळलेल्या असतील, तर ही रक्कम विमा कंपनी देते. अधिनियमाच्या कलम १५० मध्ये कंपनीला घेता येणारे बचाव नमूद आहेत. चालकाकडे योग्य परवाना नसणे, परवान्याविना भाड्याने वाहतूक करणे आणि, २०१९ च्या सुधारणेनंतर, मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालविणे हे त्यांपैकी प्रमुख होत.

५ जानेवारी २००४ रोजी नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परवान्यासंबंधीच्या बचावाची मर्यादा स्पष्ट केली. चालकाकडे परवाना नव्हता एवढे दाखविणे पुरेसे नाही. मालकाने याबाबत वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध झाले, तरी अनेक प्रकरणांत कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. न्यायालयीन व्यवहारात हे तत्त्व 'पे अँड रिकव्हर' या नावाने ओळखले जाते. या तत्त्वामुळे पीडिताच्या कुटुंबाचे संरक्षण होते, मालकाचे नाही.

अधिनियमाच्या कलम १७४ नुसार न्यायाधिकरणाने ठरविलेली येणे रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. ज्याच्याकडे सातबारा उताऱ्यावरील चार-दोन एकरांखेरीज दुसरी मालमत्ता नाही, अशा वाहनमालकाच्या बाबतीत याचा अर्थ शेतावर टाच असा होऊ शकतो. विनापरवाना मुलाच्या हाती दिलेल्या, ७१४ रुपये हप्त्याच्या मोटारसायकलमुळे तीस लाखांचे दायित्व अंगावर येणे कायद्याच्या दृष्टीने शक्य आहे. विमाच नसेल, तर संपूर्ण भार थेट मालकावर पडतो. मालक निर्धन असल्यास निकाल मिळूनही पीडिताच्या हाती काही येत नाही.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीबाबत कंपनीला अधिक मोकळीक आहे. दिल्लीत २००७ मध्ये झालेल्या एका मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये, चालक मद्याच्या अमलाखाली असल्याच्या कारणावरून विमा कंपनीने दावा नाकारणे योग्य ठरविले. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक नियमभंग दाव्याच्या आड येत नाही. जानेवारी २०२० मधील निवाड्यानुसार मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरून पीडिताची भरपाई कमी करता येत नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा दुखापतीच्या तीव्रतेशी संबंध दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या चालकास ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्णय दिला. छोटे टेम्पो चालविणाऱ्यांच्या परवान्यावरून दावे नाकारले जाण्याचा एक मोठा प्रश्न त्यामुळे मिटला.

धडक देऊन पळून गेलेले वाहन न सापडल्यास १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. या दाव्याची चौकशी तालुका वा उपविभाग पातळीवरील महसूल अधिकारी करतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

अन्य देशांतील पद्धती

युनायटेड किंग्डममध्ये विमा घेताना चालकाला मागील काही वर्षांतील शिक्षा व परवान्यावरील गुण उघड करावे लागतात आणि त्यानुसार हप्ता वाढतो. मद्यपान करून वाहन चालविल्याची नोंद परवान्यावर अकरा वर्षे राहते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत गंभीर अपराधानंतर चालकाला किमान विमा असल्याचे 'एसआर-२२' हे प्रमाणपत्र कंपनीमार्फत राज्याकडे सादर करावे लागते. अशा चालकांना 'अधिक जोखमीचे' म्हणून महाग विमा घ्यावा लागतो. जर्मनीत मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. नियमभंगाचे गुण फ्लेन्सबुर्ग येथील केंद्रीय नोंदवहीत जमा होतात व आठ गुणांवर परवाना जातो, तर हप्ता मुख्यतः दावाविरहित वर्षांवर ठरतो. पहिल्या दोन देशांत विम्याचा विचार चालकाच्या नावाने होतो. भारतात विमा वाहनाच्या मागे जातो. त्यामुळे तेथील पद्धती येथे जशाच्या तशा लागू करता येत नाहीत.

मतमतांतरे

हप्ता नियमभंगाशी जोडण्याच्या बाजूने मुख्य युक्तिवाद न्यायाचा आहे. सर्वांकडून समान हप्ता घेतल्यास शिस्तीने चालविणारा बेशिस्त चालकाचा भार उचलतो. दुसरा युक्तिवाद प्रतिबंधाचा आहे. दंड थकविता येतो, परंतु हप्ता भरल्याशिवाय विमा मिळत नाही. देशात २०२२ मध्ये ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत महाराष्ट्रातील मृत्यू पंधरा हजारांहून अधिक होते. या आकड्यांकडे पाहता प्रतिबंधाचे कोणतेही साधन दुर्लक्षिता येत नाही, असे समर्थक मानतात.

विरोधातील प्रमुख मुद्दा विमारहित वाहनांचा आहे. देशातील निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही, ही बाब संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालातही आली आहे. नव्या वाहनांसाठी सप्टेंबर २०१८ पासून मोटारींना तीन वर्षांचा व दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकरकमी घेणे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधनकारक झाले. ती मुदत संपल्यावर नूतनीकरण मात्र मालकाच्या इच्छेवर व पोलिसी तपासणीवर अवलंबून राहते. हप्ता वाढल्यास विमा न घेण्याकडे कल वाढेल, आणि ज्याला विम्याची सर्वाधिक आवश्यकता आहे तो बेशिस्त चालकच विम्याबाहेर जाईल, अशी भीती व्यक्त होते.

या संदर्भात प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राचा अनुभव उद्बोधक आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध प्रमाणपत्र असल्याशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश दिला होता. त्यामुळे अनेक वाहने विम्याविना राहतात व अपघातग्रस्तांचे नुकसान होते, हे सर्वसाधारण विमा परिषदेने निदर्शनास आणल्यावर न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती अट मागे घेतली. एका चांगल्या हेतूसाठी विम्याच्या वाटेत घातलेली अट तिसऱ्याच व्यक्तीला भोवू शकते, हे यातून दिसून आले.

ई-चलानांच्या अचूकतेचा मुद्दाही उपस्थित केला जातो. चुकीचा क्रमांक टिपला जाणे, बनावट क्रमांकपट्टी, विकलेल्या वाहनाचे चलान मूळ मालकास जाणे अशा तक्रारींचे निराकरण होण्यापूर्वीच गुण लागले, तर मालकाला दंडाबरोबर हप्त्याचाही भुर्दंड बसेल. त्यामुळे आव्हान दिलेल्या चलानाचे गुण निकाल लागेपर्यंत धरू नयेत, अशी सूचना पुढे येते.

मूल्यमापन

नांदेड व लातूर जिल्ह्यांपुरता विचार करता दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, प्रचलित व्यवस्थेत स्वस्त हप्ता हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. तो चालकाच्या जोखमीचे मोजमापच करीत नाही, आणि त्यामुळे मालकाला आपल्या जोखमीची पूर्वसूचनाही देत नाही. ही सूचना थेट न्यायाधिकरणाच्या निकालातून मिळते, तेव्हा ती सुधारण्याची संधी उरलेली नसते. नियमभंगाशी जोडलेला हप्ता काही शे रुपयांचा असला, तरी तो अशी सूचना अपघातापूर्वी देऊ शकेल, ही त्याची जमेची बाजू आहे.

दुसरा निष्कर्ष असा की, गुण वाहनाला लावण्याच्या पद्धतीत सामायिक दुचाकी व नाव न बदललेली वाहने असलेल्या भागातील नोंदणीकृत मालक सर्वाधिक अडचणीत येतो. त्यामुळे अशा पद्धतीपूर्वी नोंदणीतील नावे अद्ययावत होणे, राज्यांची चलान माहिती एकत्र येणे आणि विमारहित वाहनांची तपासणी परिणामकारक होणे या तीन गोष्टी आवश्यक ठरतात.

तोपर्यंत मालकाच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. विम्याची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करणे, वाहन विकताच परिवहन कार्यालयात नावाची नोंद बदलून घेणे, ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही विम्यात उल्लेख करून घेणे, ज्या कामासाठी वाहन वापरले जाते त्याच कामाचा विमा घेणे आणि परवाना नसलेल्याच्या हाती किल्ली न देणे, हे ते उपाय होत. यांपैकी शेवटचा उपाय विनाखर्चाचा आहे, आणि 'पे अँड रिकव्हर'च्या प्रकरणांत न्यायालय प्रथम त्याच गोष्टीची विचारणा करते.